घडीवरचं घर

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
रविवार, १४ जून २००९

ती. सरस्वतीअक्का,

वाकून नमस्कार. हल्ली वाकलं की माझ्याआधी माझे गुडघे बोलतात, तरी वाकले असं समजा.

अकरा वर्षांनी ह्या तुमच्या धाकट्या जावेला, सोयराला, पत्र लिहायची बुद्धी कशी झाली, असं म्हणाल. म्हणा. काम आहे म्हणून लिहितेय. दोनदा फोन करून बघितला. तुम्ही माझा आवाज ऐकता आणि फोन येसाजीरावांच्या हातात देता. मग मला त्यांच्याशी पिरियापट्टणच्या तंबाखूवर बोलत बसावं लागतं. तुमच्या भावाशी माझं काही वाकडं नाही, पण तंबाखूवर माणूस बोलून बोलून किती बोलणार? पत्र तरी तुम्हाला स्वतःच्या हातात धरावं लागेल.

येसाजीराव आता ते पिरियापट्टणचं घर सोडून मुलाकडे हुबळीला चाललेत, असं तुंगानं सांगितलं. तुम्ही त्यांच्याबरोबर जात नाही, एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय आणि श्रावण लागला की तिकडे जाणार, हेही सांगितलं. जा हो. तुमचा जीव, तुमची ट्रंक. मी सांगणारी कोण? मी त्यासाठी लिहीतच नाहीये.

काम असं आहे. तुंगाची लेक वेणी आता नऊ वर्षांची झाली. बोलायला फटाकडी आहे, पण मराठी म्हणाल तर मूठभर. "अज्जी, मला ते बेडा, हे बेकू," असं चालतं; नको-हवंसुद्धा कन्नडच. कुवेंपुनगरात आपल्या लोकांनी रविवारचा मराठीचा क्लास सुरू केलाय, एकाच्या गच्चीवर, पत्र्याखाली. शिकवायला साताऱ्याच्या एक बाई येतात, त्यांचे मालक इथे कंपनीत आहेत. भारी गोड बाई. पण त्यांचं मराठी ऐकताना मला आकाशवाणी लावल्यासारखं वाटतं आणि मी उगीच पदर सारखा करते. सोळा मुलं आहेत. मी वेणीला सोडायला जाते आणि मागे बसून सगळं ऐकते, फुकट.

तर बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला आपण घरातल्या खोल्यांची नावं शिकू. एका साध्या घराचा नकाशा काढायचा, वरून बघितल्यासारखा. त्याचे झेरॉक्स करायचे, मुलं त्यात नावं लिहितील, खाली प्रश्न असतील. कोण काढेल नकाशा? तर आमच्या वेणीनं हात वर केला आणि म्हणाली, "माझी अज्जी काढते. ती रोज खडूने ड्रॉइंग करते." सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. अय्यो, चाळीस वर्षं ब्लाउज बेतले, त्याला ड्रॉइंग म्हणतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आता नाही कसं म्हणू? हो म्हणून बसलेय.

नकाशा मी काढीन. अडलंय ते नावांचं. आपण घरात कधी नीट मराठी नावं घेतली का? बाहेर जगली, मध्ये नडुमने, मागे बच्चल, त्याच्यामागे हित्तल. सगळी कन्नड. तुम्ही निपाणीच्या, मराठी चौथी झालेल्या. मला बालबोध अक्षरं तुम्हीच काढायला शिकवलीत, तांदूळ निवडता निवडता ताटात बोटानं. तेव्हा जगलीला काय म्हणायचं, नडुमनेला काय म्हणायचं, तेवढं एका कार्डावर लिहून पाठवा. दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल.

तुंगा बरी आहे. तुम्हाला भेटून आली की दोन दिवस माझ्याशी कमी बोलते.

तुमची,
सोयरा

*

लष्कर मोहल्ला
बुधवार, २४ जून २००९

ती. अक्का,

नमस्कार. कार्ड आलं नाही. टपालात अडकलं असेल. तुम्ही पाठवलं नसेल असं मी मनातही आणत नाही. (आणलं. पण सोडून दिलं.)

नावं शेवटी साताऱ्याच्या बाईंनाच विचारली. माजघर, न्हाणीघर, परसदार. आणि जगलीला ओसरी म्हणायचं की ओटा, यावर दोन आयांचं भांडण लागलं ते वेगळंच. पण आज लिहितेय ते माझी फजिती सांगायला. हसा पोटभर.

शनिवारी मशीनवरचं काम आवरून खाकी कागद घेतला. बेतायच्या टेबलावर पसरला, पटरी घेतली, खडूला टोक काढलं. एक साधं घर काढायचं. पुढे ओटा, मग एक खोली, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, बाजूला न्हाणी. एवढंच ना? काढलं. रेघा इतक्या सरळ आल्या की मीच म्हटलं, सोयरे, तू इंजिनियरच व्हायचीस. मग खडू पुसला जाऊ नये म्हणून रेघांवरून दातेरी चाक फिरवलं, नेहमीसारखं कागदाला भोकं पडतील असं दाबून. आणि कागद उघडला.

उघडला म्हणजे काय, तेच तर सांगतेय. कागद मी घडी घालून घेतला होता! ब्लाउजची पाठ बेतताना घडी घालतो तसा, घडीची बाजू माझ्याकडे ठेवून. माझ्या डोक्याला पत्ताच नाही, हातांनीच घातली. मामंजींनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं ना, घडीवर अर्धंच काढायचं, दुसरं अर्धं आपोआप येतं. आणि घडीला कात्री लावायची नाही, लावलीस की पाठीचे दोन तुकडे. तर उघडल्यावर काय? दोन ओटे, दोन माजघरं, दोन स्वयंपाकघरं, पुढे दोन दारं, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत घडीची एक रेघ.

त्यात आणि शहाणपण बघा, चहूकडून शिलाईपुरतं अर्धा इंच सोडलं होतं. घराला!

वेळ नव्हता. रविवारी तोच कागद घेऊन गेले, म्हटलं बाई काय म्हणायचं ते म्हणोत. बाई म्हणाल्या, "अगंबाई, किती छान! दोन शेजारी! यावर शेजाऱ्यांचा धडासुद्धा घेता येईल." त्यांनी शाईनं गिरवून सोळा झेरॉक्स काढले. सोळा मुलांनी सोळा ठिकाणी दोन दोन स्वयंपाकघरं रंगवली. कुणाला काही चुकलंय असं वाटलं नाही.

फक्त वेणीनं बोट ठेवलं. "अज्जी, हे तर तुझं घर!" म्हणाली. "इकडे तू, इकडे कुलूप." मग मधल्या रेघेवर बोट फिरवत म्हणाली, "ही भिंत सुम्ने का आहे?"

सुम्ने, अक्का. उगीच. तिला म्हटलं, खडू दे इकडे आणि नावं लिही आधी.

एक झेरॉक्स सोबत पाठवतेय. खाली बाईंनी पाच प्रश्न छापलेत, लहान मुलांचे. बघा आणि टाकून द्या. तुमच्या बाजूची जगली मी मंगळवार-शुक्रवार धुते. कुलपाला तेल घालते. किल्ली तुमच्याकडे आहे म्हणून आतलं काही करता येत नाही, नाहीतर तेही केलं असतं.

तुमची,
सोयरा

*

लष्कर मोहल्ला
रविवार, ५ जुलै २००९

ती. अक्का,

नमस्कार. काल तुंगा तुमच्याकडून आली. म्हणाली, तुम्ही दोन्ही पत्रं वाचलीत, घडी करून उशीखाली ठेवलीत आणि तिला खायला तांबिट्टाचे लाडू दिलेत. माझ्यासाठी काही निरोप? तर नाही.

आता पुरे हे नाटक. मला नावं नको होती आणि कार्डही नको होतं. त्या आश्रमासाठीच लिहीत होते मी. आश्रमात जाऊ नका, अक्का. तुमचं घर इथे आहे. अर्धं तर अर्धं, पण तुमच्या नावाचं आहे. मी अडुसष्टची झाले, तुम्ही त्र्याहत्तरच्या. दोघींचे मालक गेले. दोघींच्या चुलीवर एकेक वाटी भात शिजतो. म्हणजे माझ्या चुलीवर. तुमच्या चुलीवर अकरा वर्षं काहीच शिजलं नाही.

भाऊजींचं तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी तुम्ही ट्रंक घेऊन निघालात, तो दिवस मी विसरलेय असं समजू नका. ऑटो दारात उभी होती. मी आत एका साडीला फॉल लावत बसले होते. तुम्ही कुलूप लावलंत, तो आवाज ऐकला. मग तुमची पावलं माझ्या दारापर्यंत आली आणि थांबली. किती वेळ थांबलात हो! मला उठून "जाऊ नका" म्हणायला तेवढा वेळ खूप होता. मी खाली बघून टाके घालत राहिले. ती साडी कुणाची होती तेही आज आठवत नाही.

तुंगाला मी विचारलं, काय म्हणते गं तुझी अक्काई, येईल का? तिनं आधी पिशवी खुंटीला लावली. मग म्हणाली, "अम्मा, अक्काई म्हणते की ज्या घरानं मला भिंतीपलीकडे टाकलं तिथे कशी येऊ? रंगनाथनं भिंत घातली. ह्यांच्या सख्ख्या भावानं. ती का घातली हे त्याला एकदा विचारायचं होतं. आता तो नाही, विचारू कुणाला?"

 ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांचा फोटो समोरच आहे, हार आजच बदललाय. माझ्याकडे बघतायत.

पुढचं आज लिहिता येत नाही. अंगात बळ आलं की लिहीन. तुम्ही तोवर ट्रंक भरू नका.

सोयरा

*

लष्कर मोहल्ला
गुरुवार, ९ जुलै २००९

ती. अक्का,

आज नमस्कार करत नाही. हे वाचून झाल्यावर घ्यायचा असेल तर घ्या.

भिंत ह्यांनी घातली नाही. मी घालायला लावली.

लिहिलं एकदाचं. चार दिवस हे एक वाक्य लिहायला लागले. हे वाचून तुम्ही कधीच येणार नाही, हे मला कळतं. येणार असलात तरी येणार नाही. पण मेलेल्या माणसाच्या माथी माझं पाप ठेवून मी तुम्हाला घरी बोलवू कशी? त्यांनी जन्मभर ते मुकाट्यानं वाहिलं, आता तरी उतरू दे.

तुम्हाला वाटलं, गिऱ्हाइकांवरून भावाभावांचं बिनसलं. सगळ्या मोहल्ल्याला तसंच वाटलं. कसलं बिनसलंय! भिंत झाल्यावरही दोघं रोज सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात भेटायचे आणि बाय-टू कॉफी घ्यायचे, एकातली अर्धी अर्धी. मला ती गोष्ट पंधरा वर्षांनी कळली. मी इकडे कॉफी करून ठेवायची आणि हे म्हणायचे, नको, पोट जड आहे.

७९ साल. दसऱ्याच्या आधीचे दिवस. आठवतंय ना, मान वर करायला फुरसत नसायची. मी पहाटेपासून मशीनवर. तुंगा चार वर्षांची. तिला जेवण तुम्ही घालायच्या, वेणीफणी तुम्ही, झोपवायच्या तुम्ही. तिला तुम्ही "आई" म्हणायला शिकवलं नव्हतं, हे मी देवासमोर सांगेन. ती आपण होऊनच तुम्हाला आई म्हणायला लागली. आणि मला, सगळे म्हणतात म्हणून, "सोयरा". सगळे हसायचे. मीही हसायची. रात्री तोंडात पदर कोंबून रडायची.

मग तिला तो ताप आला. मी हातातलं टाकून धावले, तिच्या कपाळावर हात ठेवला. तिनं डोळे न उघडता माझा हात ढकलला आणि "आई, आई" करत तुमच्याकडे वळली. तुम्ही तिला घेतलंत आणि माझ्याकडे बघितलंत. तुमच्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं हो. कीव होती. तीच मला सहन झाली नाही.

तिसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, घर वेगळं करा, नाहीतर मी पोरीला घेऊन नंजनगूडला माहेरी जाते, पुन्हा तोंड दाखवणार नाही. त्यांनी मला आठ दिवस समजावलं. मी अन्न सोडलं. तेव्हा ते भाऊजींसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, मला वेगळं व्हायचंय." माझं नाव काढलं नाही. भाऊजींनी का म्हणून विचारलं नाही. गवंड्याला विटा दोघा भावांनीच उचलून दिल्या.

तुम्हाला मूल नव्हतं, अक्का. एक होतं ते मी भिंत घालून काढून घेतलं. स्वच्छ लिहायचं तर हे असं आहे.

अजून एक आहे. तेही सांगून टाकते, म्हणजे मागे काही उरणार नाही. भिंत झाल्यावर तुंगा दुपारची तिला टेकून बसायची आणि बोटानं दोनदा टकटक करायची. पलीकडून तुम्ही तीनदा करायच्या. तुम्हाला वाटत असेल सोयराला ठाऊक नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी मशीन उचलून त्या भिंतीला लावलं. उजेडासाठी हलवलं म्हणून सगळ्यांना सांगितलं. तिथे कसला उजेड? खिडकी समोरच्या बाजूला. तुमची टकटक पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून मी तिथे शिवत बसायची. महिनाभरात तिनं वाजवायचं सोडलं. मग मला "अम्मा" म्हणायला लागली. मी जिंकले.

मशीन अजून तिथेच आहे. आता त्याचा आवाज मला डोक्यात बसतो, पण हलवत नाही. कुठल्या तोंडानं हलवू?

श्रावण लागायला बारा-तेरा दिवस उरले. तुम्ही त्या आश्रमात गेलात तर मी तिथे येईन, आत घेतलं नाही तर फाटकापाशी बसून परत येईन. क्षमा मागत नाही. ती मागायलाही काही हक्क लागतो.

सोयरा

*

पिरियापट्टण
शुक्रवार, १७ जुलै २००९

चि. सोयरास,

आशीर्वाद. नमस्कार घेतला.

तुझं पत्र सोमवारी आलं. येसाजीनं विचारलं, काय लिहिलंय? म्हटलं, ब्लाउजाचं माप आहे.

आधी तो कागद. तू नकाशा पाठवलास, खाली प्रश्न होते. प्रश्न विचारले की उत्तरं लिहायची, अशी आम्हाला निपाणीच्या शाळेत शिस्त होती. लिहिली आहेत. कागद सोबत आहे, पण तुझे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत असं तुंगा म्हणते, म्हणून इथे मोठ्या अक्षरात उतरवते.

या घरात किती खोल्या आहेत? — आठ. मोजल्या.

स्वयंपाकघर कोठे आहे? — दोन काढली आहेत. एक पुरे.

दारे किती आहेत? — दोन. तिसरं काढायचं राहिलं. मधलं.

घरात कोण कोण राहते? — सोयरा. श्रावणापासून मीही.

तुला घरातली कोणती जागा आवडते? का? — मधली भिंत. पलीकडून कोणीतरी वाजवायचं म्हणून.

बाईंना दाखव आणि किती मार्क पडतात ते कळव.

आता तुझं पत्र. सोयरा, तुला वाटलं तू मला नवीन काही सांगितलंस. भिंत रंगनाथनं घातली असं मला कधीच वाटलं नाही. तो पोर तर माझ्या हाताखाली वाढलेला, लग्न होऊन मी आले तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला खोटं बोलताना कान लाल व्हायचे, आणि त्या दिवशी "मला वेगळं व्हायचंय" म्हणाला तेव्हा दोन्ही कान लालबुंद होते. कोणाला पाठीशी घालतोय हे कळायला मला निपाणीची चौथी लागत नव्हती. तुंगापाशी मी रंगनाथचं नाव घेतलं ते मुद्दाम. ती ते तुला सांगणार हे मला ठाऊक होतं. तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं मला, आश्रमात जायच्या आधी एकदा. वाईट वागले असेन. पण तीस वर्षं वाट बघितल्यावर माणूस एवढी लबाडी करतं.

आणि ते मशीन. तू लिहितेस, तिथे शिवत बसायची. ही एवढी ओळ मात्र खोटी. शिवत होतीस? शिंप्याच्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं काढली मी. सुईखाली कापड असलं की मशीन एक आवाज करतं, नसलं की दुसरा. रोज दुपारी तुझं मशीन रिकामं चालायचं, सोयरा. आणि अधूनमधून पाय थांबायचे तेव्हा तू नाक ओढायचीस, तेही ऐकू यायचं. मी तीनदा वाजवायची ते फक्त तुंगासाठी असं तुला वाटलं होय? तिनं वाजवायचं सोडल्यावरही मी किती दिवस वाजवत होते. तुला ऐकू गेलं नसेल. मशीन चालू होतं.

राग आला नाही असं म्हणणार नाही. खूप आला. तुझ्या दारात थांबले होते त्या दिवशीसुद्धा होता. तू "जाऊ नका" म्हणाली असतीस तर दोन शिव्या देऊन ट्रंक आत आणणार होते. तू म्हणाली नाहीस. मग तो राग इथे घेऊन आले आणि इथे दोन-तीन वर्षांत तो विरून गेला. पण आपण होऊन परत यायचं तर कुणी बोलवायला नको का? तू बोलवायला अकरा वर्षं लावलीस आणि त्यातही आधी ओटा की ओसरी विचारत बसलीस. गाढव कुठली.

मूल काढून घेतलंस म्हणतेस, तेवढं खरं आहे. ते मी पुसणार नाही. पण ती दर महिन्याला बसनं मला भेटायला येते, त्याअर्थी सगळं काही नेलं नाहीस.

आश्रमाला नको म्हणून कळवलं आहे. बुधवारी श्रावण लागतो, त्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या लाल बसनं निघते. ट्रंक एकच आहे. तुंगाला बसस्टँडवर बोलावू नको, तिची नोकरी आहे. मी अजून ऑटोवाल्याशी भांडू शकते.

भिंत पाडायला गवंडी बोलावला असशील तर परत पाठव. मला टेकून बसायला ती लागते. त्यात एक दार तेवढं काढू, तेही मी आल्यावर, माझ्यासमोर. तुझ्यावर सोपवलं तर घडी घालून दोन काढशील.

किल्ली माझ्या कनवटीला आहे. कुलपाला तेल घालतेस म्हणालीस, तर ते उघडेल. मी माझ्याच दारानं आत जाईन, खिडक्या उघडीन, आणि मग भिंतीवर वाजवीन.

तेवढ्या वेळ मशीन बंद ठेव.

तुझी,
सरस्वतीअक्का